ठिणगीचा उसना चेहरा

मी एक जुनी पुतळी आहे, मित्रांनो. उंचीने तिसरी-चौथीतल्या मुलीएवढी. अंग फायबरचे, आतून पोकळ. दोन वेण्या, पिवळा फ्रॉक, पुढे केलेला उजवा हात आणि त्या हातात टॉर्च. हसताना माझा वरचा एक दात पडलेला दिसतो. संध्याकाळी दुकानदाराने बटण दाबले की माझ्या हातातली टॉर्च खरोखर पेटत असे. टॉर्च आणि सेल बनवणाऱ्या एका कंपनीने मला घडवले आणि माझे नाव ठेवले ठिणगी. एके काळी विजेच्या सामानाचे दुकान म्हटले की दारात मी असायचीच.

आता माझ्या नाकाचा शेंडा उडाला आहे आणि फ्रॉकचा पिवळा रंग आजारी माणसासारखा फिका पडला आहे. पण माझी गोष्ट रंगाची नाही. ती मला घडवणाऱ्या ताईची आहे.

ताई त्या कंपनीत नुकतीच लागली होती. मार्केटिंग खात्यात सगळ्यांत नवी. त्या काळी टॉर्चच्या जाहिरातीत दंड फुगवलेले पहारेकरी असत. ताई म्हाताऱ्या मालकांना म्हणाली, "साहेब, दांडगा माणूस अंधाराला घाबरत नाही यात नवल काय? एखादी चिमुरडी घाबरत नाही असं दाखवू या."

मालकांना ते पटले. आता चिमुरडी कुठून आणायची? ती ताईच्या घरातच होती. तिची धाकटी बहीण, तिच्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान. घरातले दिवे गेले की बाकीचे भिंती चाचपडत बसायचे आणि ही टॉर्च घेऊन सगळ्यांच्या पुढे धावायची, हनुवटीखाली उजेड धरून भुताची तोंडे करायची.

धाकटीला शिल्पकाराकडे नेले. ती काही केल्या एका जागी बसेना. "काका, माझं नाक एवढं मोठं का केलंत?" "काका, माझ्या डोक्यात पण चिखल भरणार का?" शेवटी शिल्पकाराने हात जोडले, तिला घरी पाठवले आणि तिच्या फोटोवरून काम उरकले. त्याच आठवड्यात तिचा दात पडला होता. कंपनीतल्या कुणीतरी म्हटले, दात भरून टाका. ताई ऐकेना. "राहू दे ना तशीच. खरी वाटते."

अशी मी जन्मले. साच्यातून निघालेली पहिली पुतळी मीच. ताईने मला मुद्दाम त्यांच्या घराजवळच्या कोपऱ्यावरच्या दुकानात उभे केले, म्हणजे धाकटीला शाळेत जाता-येता मी दिसावी.

ती रोज यायची. मैत्रिणींना घेऊन यायची आणि ऐटीत सांगायची, "ही मी आहे. पण मी हिच्यापेक्षा हुशार आहे." एकदा माझ्या तोंडासमोर तोंड आणून तिने जबडा उघडला. "बघ, मला आला नवीन दात! तुझा कुठाय?" मित्रांनो, तुमचे दात पडतात आणि पुन्हा येतात. माझा काही आला नाही.

मग एका सुट्टीत तिला ताप आला. तो उतरला नाही, डोक्यात गेला. दुकानासमोरून जाणारी माणसे माझ्यापाशी येऊन एकदम आवाज खाली करू लागली, तेव्हा मला कळले. त्या संध्याकाळी दुकानदाराने माझे बटण दाबले नाही.

धाकटीची आई कित्येक महिने पलीकडच्या फुटपाथवरून, मान वळवून जायची. मग एका तिन्हीसांजेला ती रस्ता ओलांडून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. टॉर्चचा उजेड तिच्या पदरावर पडला होता. ती हळूच म्हणाली, "जेवलीस का?"

त्यानंतर ती रोज येऊ लागली. दुकानदार भला माणूस. त्याने काही न बोलता एक स्टूल आणून ठेवले. आई बसायची, पदराने माझे गाल पुसायची, दिवसभराचे सांगायची. शेजारीण कशी भांडली, मोठी कशी ऑफिसातून उशिरा येते, कशी अर्धपोटी उठते. मला धाकटीच्या नावाने हाक मारायची. मी उत्तर देऊ शकत नव्हते. पण रोज कुणी एकाच नावाने हाक मारत राहिले, तर ऐकणाऱ्याला ते नाव आपलेच वाटू लागते. मला वाटू लागले. ताई दिसली की मीही मनात तिला ताई म्हणू लागले.

ताई माझ्याकडे कधी नीट बघत नसे. ती माझी वायर तपासायची, पायाशी साचलेली धूळ झाडायची आणि दुकानदाराला "उन्हात ठेवत जाऊ नका हं हिला" एवढे सांगून निघून जायची.

वर्षे गेली. ताई खात्याची प्रमुख झाली. तिच्या हाताला यश होते, मैत्रिणी मागे लागायच्या, "किती दिवस दुसऱ्याचं घर सजवणार? स्वतःची कन्सल्टन्सी काढ. लोक रांग लावतील." तिच्याही ते मनात होते. स्वतःचे ऑफिस, स्वतःच्या नावाची पाटी. पण प्रत्येक वेळी ती म्हणायची, "पुढच्या वर्षी बघू."

खरे कारण तिने कुणालाच सांगितले नाही. आपण कंपनी सोडली तर ठिणगीला कोण सांभाळणार, ही तिची भीती होती. नवी नवी डोकी यायची आणि माझ्या वेण्या कापायला निघायची. एकाने मला चष्मा लावला. एकदा एका उत्साही मुलाने भर मीटिंगमध्ये चित्र दाखवले, "आपण ठिणगीला मोठी करू या. आता ती कॉलेजात जाते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताई उठून बाहेर गेली आणि बराच वेळ आत आली नाही. ठिणगी कुणाचा चेहरा आहे हे जाणणारे म्हातारे मालक तोवर वारले होते. बाकी कुणाला कल्पनाच नव्हती.

हे सगळे मला कसे माहीत, असे तुम्ही विचाराल. पुढे ताई एकटी असली की मोठ्याने बोलायची, आणि ऐकायला मीच असायची.

मग प्रत्येकाच्या खिशातल्या फोनलाच दिवा आला. टॉर्च कोण घेणार? कंपनी विकली गेली. नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, घाईत होता इतकेच.

"बाई, ही ठिणगी आता बंद करू या," ते म्हणाले. "दुकानांतून परत मागवा सगळ्या. कुणाला आठवतेय ती?"

"मला आठवते," ताई म्हणाली.

साहेब हसले. "तुम्हाला आठवून माल खपत नाही हो."

ताईने त्याच दिवशी राजीनामा दिला. ऑफिसात सगळ्यांनी तिचे कौतुक केले. या वयात एवढी पक्की नोकरी सोडून स्वतःचा व्यवसाय, केवढे धाडस, वगैरे भाषणे झाली. ताई मान खाली घालून ऐकत राहिली. धाडस कसले? जिच्यासाठी ती थांबली होती तिलाच आता भंगारात काढणार होते, म्हणून ती निघाली.

दुकानांतून पुतळ्या टेम्पोत भरून नेल्या. मला न्यायला मात्र ताई स्वतः आली. साहेबांना तिने विचारले होते, आणि ते म्हणाले होते, "एक काय, चार घेऊन जा."

ताईने भाड्याने घेतलेली खोली एका टेलरच्या दुकानावर होती. अरुंद लाकडी जिना, वर एक खिडकी, एक टेबल, दोन खुर्च्या. दारावर पाटी: मार्केटिंग सल्लागार. मला खिडकीशेजारच्या कोपऱ्यात ठेवले. आईला तिने यातले काहीच सांगितले नाही. आई इथे येऊन दिवस दिवस बसेल, अशी तिला धास्ती होती. आईला वाटले, ठिणगी गेली ती गेलीच.

ताई सकाळी जुन्या ऑफिसच्याच वेळेला तयार होऊन यायची. खुर्चीत बसायची. खालून शिलाई मशीनचा खडखडाट यायचा. फोन वाजत नसे. तो बंद तर नाही ना, म्हणून ती उचलून बघायची. मग स्वतःच कुणाला तरी लावायची. "नमस्कार, मी कंपनीतून बोल... नाही नाही, मी माझ्या ऑफिसातून बोलतेय." इतक्या वर्षांची सवय जिभेवरून जाईना. पलीकडचा माणूस कंपनी सोडल्याचे ऐकले की एकदम सौजन्याने बोलू लागायचा. "हो का? वा वा. कळवतो हं." कळवणारे कुणी कळवत नव्हते.

पहिल्या आल्या त्या साबणवाल्या बाई. घरच्या घरी साबण करता करता त्यांनी छोटा कारखाना उभा केला होता. वेष्टणावर काय असावे, हे त्यांना ठरवून हवे होते. ताईने जीव ओतून एक चित्र काढले. बाईंनी ते बघितले, मग कोपऱ्यातल्या मला बघितले.

"अहो, ही तर ती टॉर्चवाली."

ताई ओशाळली. दुसऱ्या खेपेला तिने टोपीतला मुलगा काढला. त्याचाही दात पडलेला होता. तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, मुले नकोतच, आजी काढते. पांढऱ्या केसांची, सुरकुतलेली आजी. साबणवाल्या बाई चित्राकडे बघत राहिल्या. मग खुर्चीवरून उठल्या आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "बाई, राग मानू नका. आजीलासुद्धा तिचेच डोळे आहेत. मला भीती वाटते याची."

त्या गेल्यावर ताईने ती चित्रे टेबलावर शेजारी शेजारी मांडली. मुलगी, मुलगा, आजी. तिन्हींमधून एकच चेहरा वर बघत होता. ताई माझ्याकडे वळली.

"मागे लागलीयेस का गं माझ्या?"

तिने मला भिंतीकडे तोंड करून उभे केले. थोडा वेळ काम केले. पण पाठमोरी मी तिला अधिकच सोसवेना. कोपऱ्यात शिक्षा केलेल्या मुलीसारखी दिसत असेन मी. तिने उठून मला पुन्हा फिरवले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

खोलीचे भाडे, आईची औषधे, सगळे साठवलेल्या पुंजीतून चालले होते. अशात एके दिवशी जिना दणाणवत दप्तरवाले आले. शाळेची दप्तरे शिवणारा त्यांचा मोठा कारखाना होता. माणूस मोठ्या आवाजाचा आणि मोकळ्या मनाचा. दारातच थबकले.

"अरे! ठिणगी! लहानपणी हिला घाबरून मी आईच्या पदरात लपायचो!" ते माझ्याभोवती एक फेरी मारून आले. "बाई, ठरलं. मला दुसरं काही नको. हिच्या हातातली टॉर्च काढा, पाठीवर माझं दप्तर द्या. गावोगाव उभी करतो. कंपनीकडून परवानगी मी मिळवतो. वर्षभराचं काम तुमचं."

वर्षभराचे काम म्हणजे ऑफिस तरले. आणि धाकटी पुन्हा रस्त्यारस्त्यांवर. "उद्या सांगते," एवढेच ती कशीबशी म्हणाली.

घरी गेल्यावर तिने आईला पहिल्यांदा सगळे सांगितले. ठिणगी माझ्याकडे आहे, आणि एक गृहस्थ तिला पुन्हा उभी करायची म्हणतायत. आईने तिच्यावर रागवायचेसुद्धा मनात आणले नाही. तिचा चेहरा उजळला. "मला आत्ता ने तिच्याकडे." दुसऱ्या दिवशी दुपारी ती गुडघे धरत धरत तो जिना चढून आली.

आईने मला आजवर पाहिले होते ते तिन्हीसांजेला, टॉर्चच्या पिवळ्या उजेडात. आता खिडकीतून लख्ख ऊन माझ्या तोंडावर पडले होते. तिने माझ्या गालावरून हात फिरवला. मी वाट बघत होते ती मला नेहमीच्या नावाने हाक मारील याची.

तिने हाक मारली नाही. ती बघतच राहिली.

"मोठे," ती म्हणाली, "ती हसायची तेव्हा तिचा एक डोळा मिटायचा. मिटायचा ना गं?"

"हो... मिटायचा बहुतेक."

"कुठला?"

"डावा."

"उजवा ना?"

खाली मशीन थांबले होते. आईने डोळे घट्ट मिटून घेतले, बराच वेळ तशीच उभी राहिली, आणि उघडले तेव्हा ती घाबरलेली होती. असे घाबरलेले मी तिला कधी पाहिले नव्हते.

"मला दिसत नाही गं. डोळे मिटले की ही दिसते. हीच, हा एवढा सरळ हसणारा चेहरा. माझी पोर कुठे गेली?"

ताईने तिला खुर्चीत बसवले. "आई, घरी फोटो आहेत की."

"फोटोत कुठे हसतीये ती? फोटोवाला दरडावायचा, नीट बस म्हणून. हे हसू त्या शिल्पकाराने त्याच्या मनाचं बसवलंय."

ताई पाणी आणायला वळली आणि तिथेच थांबली. "निदान टॉर्च तरी खरी आहे. अंधाराला कधी घाबरली नाही आपली पोरगी."

आई तिच्याकडे बघू लागली. "कोण म्हणालं?"

"म्हणजे? दिवे गेले की सगळ्यांत पुढे तीच धावायची."

"अगं, घाबरायची म्हणून धावायची! मागे एकटी राहायची भीती वाटायची तिला. रात्री माझा हात सोडायची नाही."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलंस कधी? तू लोकांना सांगितलंस, ती घाबरत नाही. भिंतीभिंतीवर लिहिलंत. मग आम्हीसुद्धा तेच म्हणायला लागलो."

ताई जमिनीवर बसली, माझ्या पायांशी. इतकी वर्षे ती माझी राखण करत होती, आणि मी धाकटीची. आपण त्या मुलीला जिवंत ठेवले आहे, असा मलाही अभिमान होता. त्या दुपारी मला कळले की मी तिच्यावर पडदा होऊन उभी होते. माझ्यामागे कुणीतरी होते, अंधारात, आणि ते कुणी माझ्यासारखे अजिबात नव्हते.

मग ताई म्हणाली, "दूध प्यायले म्हणायची आणि कुंडीत ओतायची. ते झाड मेलं."

"झाड नाही मेलं," आई म्हणाली, "कुंडीला वास सुटला म्हणून मी फेकलं."

दोघींचे भांडण लागले. संध्याकाळ होईपर्यंत त्या वाद घालत होत्या.

दप्तरवाले आले तेव्हा ताईने स्पष्ट सांगितले, "ठिणगी मिळणार नाही."

"का बुवा?"

"ती माझी बहीण होती. तिला आता कामाला लावायचं नाही."

त्यांचा मोठा आवाज एकदम बसला. ते खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, "मग दुसरं काय आहे तुमच्याकडे?"

"आज काहीच नाही. थोडे दिवस द्या."

ताई एका शाळेच्या फाटकापाशी जाऊन उभी राहू लागली. सकाळी मुले आत जाताना, दुपारी बाहेर येताना. तिथे उभ्या असलेल्या आया-बापांकडे ती बघायची. मग तिने जे चित्र काढले त्यात एकही चेहरा नव्हता. फाटकातून आत जाणारी मुले, सगळी पाठमोरी. एकाची चड्डी सुटत आलेली, एकीच्या रिबिनीचे फूल सुटलेले, एक मधेच वळायच्या बेतात. आणि प्रत्येकाच्या पाठीवर दप्तर.

"चेहराच नाही?" दप्तरवाले कुरकुरले. "चेहऱ्याशिवाय जाहिरात?"

"दप्तर पाठीवर असतं, साहेब. ते मुलाला दिसतच नाही. फाटकात सोडायला आलेल्याला दिसतं. आणि तो पाठमोरं पोर दिसेनासं होईपर्यंत बघत असतो."

त्यांनी डोके खाजवले. वर्षाचे काम काही दिले नाही. थोड्या दुकानांपुरते करून बघू म्हणाले. फार गाजावाजा झाला नाही, पण दप्तरे खपली, आणि पुढच्या मोसमात ते पुन्हा जिना दणाणवत आले. ताईच्या कागदांवर हळूहळू अनोळखी माणसे दिसू लागली, ज्याचे त्याचे नाक घेऊन.

माझे काय झाले? टेलरच्या ओळखीच्या भंगारवाल्याने मागितले होते मला. आईच म्हणाली, "मोडायचं नाही तिला. तिचा काय दोष?" दोघींनी मिळून मला खाली आणले, जिन्याखालच्या अडगळीत उभे केले आणि वर एक जुनी चादर टाकली. टाकण्याआधी आईने माझ्याकडे बघितले. या वेळी तिने मला ठिणगी म्हटले. माझ्या खऱ्या नावाने हाक मारण्याची तिची ती पहिलीच वेळ.

इथे अंधार आहे. माझी टॉर्च काढून ठेवली आहे. आई आता दुपारची वर येऊन बसते, आणि फळ्यांच्या फटींतून दोघींचे बोलणे खाली झिरपते. अगदी लहान असताना धाकटीला 'र' म्हणता येत नव्हता. ती झोपेत लाथा मारायची. एकदा तिने ताईच्या ऑफिसच्या चपला लपवल्या होत्या. मी ऐकत असते. ही मुलगी कोण, असे मला वाटत राहते.

परवा वरून हसण्याचा आवाज आला. लहान मुलीचा, बारीक, मधेच उचकी लागल्यासारखा, शेवटी नाकातून फुसकन सुटणारा. मी पोकळ आहे. तो आवाज माझ्या आत घुमत राहिला. वर तर दोघीच होत्या. कोण आले असेल, याची मला भीती वाटली. मग ताईचा ओला आवाज ऐकू आला, "अगदी अशीच! आई, पुन्हा करून दाखव."

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंवरची धूळ पुसलीत तर बरेच वाटते. पण आम्हाला कुणाच्या जागी उभे करू नका, आम्ही थकतो. तुमच्या घरातले कुणी गेले असेल तर घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून घ्या, ते हसायचे कसे, कशाला घाबरायचे, खोटे कधी बोलायचे. दोघांची उत्तरे जुळली नाहीत तर त्यांना खुशाल भांडू द्या.

आणि आता जरा गप्प बसा. वर ती पुन्हा हसते आहे.